सभागृह निवडलेले, कारभार नेमलेला

मुंबई महापालिकेचा कारभार आजही १८८८ सालच्या कायद्याने चालतो. गेल्या शतकाहून जास्त काळात त्यात असंख्य दुरुस्त्या झाल्या, पण ६४व्या कलमाचा गाभा बदललेला नाही. शहराचा म्युनिसिपल कारभार महापालिकेकडे, म्हणजे सभागृहाकडे राहील, असे त्याचे पहिले पोटकलम सांगते. कायद्याच्या अंमलबजावणीचा संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे राहील, असे तिसरे पोटकलम सांगते. आणि हा आयुक्त नेमायचा कोणी, तर सरकारने. तेव्हाचे सरकार मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे होते, आजचे आपण निवडून दिलेले आहे, पण शहराच्या दृष्टीने आयुक्त तेव्हाही वरून यायचा आणि आजही वरूनच येतो. ब्रिटिश अमलातल्या लोकप्रतिनिधित्वाच्या मर्यादा सांगताना आपण मताधिकार किती थोड्यांना होता एवढ्यावर थांबतो. ती मर्यादा खरी होती आणि ती गेली. दुसरी जास्त खोल होती. निवडलेल्यांनी ठराव करायचे, ते अमलात आणणारा माणूस मात्र सरकारचा ठेवायचा, आणि खरी निकड आली की सभागृहालाच बाजूला सारायचे, अशी ती रीत. स्वातंत्र्यानंतर ती आपण मोडली नाही. तिचा जाच महाराष्ट्रातल्या शहरांनी अलीकडे कित्येक वर्षे सोसला आहे, आणि आता नगरसेवक परत आले म्हणजे प्रश्न मिटला असे समजण्याचे काही कारण नाही.

ही रचना आली कुठून, ते नीट पाहिले पाहिजे. १८६५च्या कायद्याने मुंबईचा सगळा कार्यकारी अधिकार एका आयुक्ताच्या हाती दिला आणि त्याच्यावर देखरेख ठेवली जस्टिसांच्या सभेची, म्हणजे सरकारनेच नेमलेल्या प्रतिष्ठितांची. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड. माणूस कर्तबगार होता. आज आपण जिला महात्मा फुले मंडई म्हणतो ती त्यांच्या काळात उभी राहिली, रस्ते आणि साफसफाई यांना वेग आला. पण खर्च कोणाला विचारून करायचा आणि पैसा कुठून आणायचा, याला धरबंद राहिला नाही. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाची तेजी १८६५मध्ये कोसळली, शहरातली मोठमोठी घराणी बुडाली, आणि अशा काळात करांचा बोजा वाढत गेला. १८७१मध्ये करदात्यांचा संताप उफाळला, क्रॉफर्ड यांना जावे लागले आणि पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला. त्याने ६४ सभासदांची महापालिका दिली. त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने नेमायचे. मुंबईकरांना हा निम्मा वाटा कोणी आपणहून दिला नाही. नेमलेल्या कारभाराने तिजोरी अडचणीत आणली आणि कर भरणाऱ्यांनी जाब मागितला, म्हणून तो मिळाला. नेमलेला अधिकारी काटकसरी व कार्यक्षम असतो आणि निवडलेला प्रतिनिधी उधळ्या असतो, या आजच्या लाडक्या समजुतीला मुंबईच्या पहिल्याच आयुक्ताची कारकीर्द उत्तर देते.

आयुक्तपद्धतीचे समर्थक इथे फिरोजशहा मेहतांचे नाव पुढे करतात, आणि त्यांचा मुद्दा टाळून चालणार नाही. १८७१च्या त्या वादात २६ वर्षांच्या मेहतांनी भर सभेत, श्रोत्यांचा रोष ओढवून घेऊन, कार्यकारी सत्ता एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असली पाहिजे अशी बाजू मांडली होती. समितीच्या हाती कारभार दिला तर जबाबदारी कोणावरच राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते चुकीचे नव्हते. पण त्यांच्या मांडणीचा दुसरा अर्धा भाग आज कोणी सांगत नाही. हा अधिकारी ज्या सभेला उत्तरदायी असेल ती सभा करदात्यांनी निवडलेली हवी, हा त्यांचा तितकाच आग्रह होता. पुढे १८८७-८८मध्ये नव्या कायद्याचा मसुदा आयुक्ताला महापालिकेच्या डोक्यावर बसवू लागला, तेव्हा कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीच तो वाकवला. शहराचा कारभार महापालिकेकडे असल्याची ग्वाही आणि सभागृहाने ठराविक बहुमताने ठराव केला तर आयुक्ताला परत बोलावलेच पाहिजे ही तरतूद, ही त्या लढ्याची कमाई. गोऱ्या सरकारकडून लोकनियुक्त कार्यकारी प्रमुख मिळणे तेव्हा शक्यच नव्हते. मिळण्याजोगे होते त्यातले जास्तीत जास्त मेहतांनी खेचून आणले. त्यांची तडजोड हा त्यांचा आदर्श होता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे.

त्या परत बोलावण्याच्या अधिकाराचे आज काय झाले आहे? कायद्यात तो अजून आहे. एकूण सभासदांपैकी पाच अष्टमांश, म्हणजे मुंबईच्या २२७ नगरसेवकांपैकी १४२ जणांनी ठराव करावा लागतो. इतर महापालिकांच्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. २०१६मध्ये नवी मुंबईच्या सभागृहाने आयुक्तावर प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव केला, तेव्हा राज्य सरकारने तो ठरावच स्थगित केला. आयुक्त पुढे काही महिन्यांनी बदलीवर गेले, तेही सरकारच्या सवडीने. त्या वेळी शहरातले अनेक नागरिक आयुक्तांच्या बाजूने उभे होते, कारण ते बेकायदा बांधकामांवर हात टाकत होते. नागरिकांची ती भावना समजण्यासारखी आहे. पण मेहता-तेलंगांनी परक्या सरकारकडून मिळवलेला एकमेव चाप स्वकीय सरकारने एका आदेशाने निकामी केला, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अधिकारी चांगला होता की वाईट हा वेगळा प्रश्न. तो ठरवण्याचा हक्क शहराचा की मंत्रालयाचा, हा खरा.

आता मताधिकाराकडे येऊ. १८७२च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४४ हजार होती आणि मतदार होते काही हजार. १८८८च्या कायद्याने सभासद ७२ केले. त्यातले ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिसांकडून, विद्यापीठ व व्यापाऱ्यांची चेंबर यांच्याकडून दोन-दोन आणि १६ सरकारनियुक्त. वॉर्डातला मतदार म्हणजे मुख्यतः घरपट्टी भरणारा मालक. गिरणगावातल्या चाळीत खोलीचे भाडे भरणारा कामगार या हिशेबात कुठेच नव्हता. भाडेकरूला मत मिळायला १९२२ उजाडले, तेही महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्याला. सरकारनियुक्त जागा १९३८मध्ये गेल्या आणि प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४८मध्ये. मतदार इतके थोडे असले की खेळ किती सोपा होतो, ते १९०७मध्ये दिसले. महापालिकेत मेहतांचे वजन फार झाले म्हणून अकाउंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकाराने सरकारी अधिकारी आणि युरोपियनांनी त्यांच्याविरुद्ध १६ जणांची यादी उभी केली. जस्टिसांच्या १६ जागांच्या निवडणुकीत मेहता सतरावे आले. सोळाव्या उमेदवाराची निवड पुढे अपात्र ठरली म्हणून त्यांची जागा वाचली.

जिल्ह्यांत आणि लहान शहरांत तर लगाम अधिकच आखूड होता. लॉर्ड रिपन यांचा मे १८८२चा ठराव स्थानिक स्वराज्याची सनद म्हणून आपल्याला शाळेत शिकवतात, आणि तो खरोखर मोठ्या मनाचा दस्तऐवज आहे. लोक चुका करतील हे गृहीत धरून, कारभार शिकण्यासाठीच तो त्यांच्या हाती द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. बिगरसरकारी सभासद दोन तृतीयांश असावेत, अध्यक्ष शक्यतो सरकारी नसावा, अशा सूचना होत्या. मुंबई इलाख्यात १८८४चे कायदे आले तेव्हा त्यातले बरेच गळून पडले. जिल्हा लोकल बोर्डाचा अध्यक्ष पुढेही बराच काळ कलेक्टरच राहिला.

पण वसाहती सरकारचा खरा स्वभाव कळतो तो संकटात. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा घाईघाईने मंजूर झाला आणि मार्चमध्ये सरकारने ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमून साथीचा कारभार महापालिकेच्या हातून काढून घेतला. पुण्यात तेच रँड यांच्या समितीने केले. लष्करी शिपाई घराघरात शिरले, माणसे छावणीत नेली गेली, आणि पुण्याच्या नगरपालिकेत लोकांचे प्रतिनिधी असूनही त्यांना बोलायला जागा उरली नाही. लोकांच्या भीतीला आणि रागाला सभागृहाची वाट मिळाली नाही, तेव्हा त्यांनी कोणती वाट धरली ते २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर झालेल्या हल्ल्यात दिसले. दुसऱ्याच वर्षी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. शहराच्या पुनर्रचनेचे सर्वांत मोठे काम, जुन्या वस्त्या पाडणे, नवे रस्ते काढणे, जमिनी संपादणे, हे सगळे महापालिकेकडून काढून १४ विश्वस्तांच्या मंडळाकडे गेले. त्यात महापालिकेने निवडलेले होते चौघे. ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळी अजून उभ्या आहेत. हे मंडळ महापालिकेत विलीन व्हायला १९३३ साल यावे लागले. आणि सभागृह सरळ ऐकत नसेल तर त्याचाही उपाय होता. कलकत्त्यात १८९९च्या कायद्याने लोकनियुक्त सभासदांची संख्या ५०वरून २५वर आणली गेली. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ जणांनी त्याच्या निषेधार्थ राजीनामे दिले. आपल्याच इलाख्यातल्या अहमदाबाद नगरपालिकेने असहकाराच्या दिवसांत शाळांवरचे सरकारी नियंत्रण झुगारले, तेव्हा १९२२मध्ये सरकारने ती बरखास्त करून नेमलेली समिती बसवली. दोन वर्षांनी निवडणूक झाली आणि वल्लभभाई पटेल तिचे अध्यक्ष झाले.

नेमलेला आयुक्त, समांतर मंडळे आणि बरखास्ती, ही तीन हत्यारे आजच्या महाराष्ट्रात शोधायला लांब जावे लागत नाही. आयुक्ताबद्दल वर सांगितलेच. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या जागी सिडको, एमएमआरडीए, म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहेत. मुंबईत मेट्रो, मोठे पूल, झोपडपट्टीचा पुनर्विकास, व्यापारी संकुले, म्हणजे ज्या निर्णयांनी शहराचा चेहरा ठरतो ते बहुतेक निर्णय वॉर्डातून निवडून आलेल्या माणसाच्या कक्षेबाहेर होतात. राज्यघटनेच्या २४३ झेडई कलमानुसार महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सभासद स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे आहेत. शहराचे नियोजन त्या समितीने केले पाहिजे, प्रत्यक्षात ते प्राधिकरणांच्या कचेऱ्यांत होते.

तिसरे हत्यार अलीकडे वापरले गेले, तेही बरखास्ती हा शब्द न उच्चारता. ७४व्या घटनादुरुस्तीने, १ जून १९९३पासून, महापालिकेची मुदत पाच वर्षे ठरवली आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक झाली पाहिजे असे बंधन घातले. तरी औरंगाबाद आणि नवी मुंबईची मुदत २०२०मध्येच संपली. मुंबईची ७ मार्च २०२२ला संपली. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, एकेक करून सगळ्या मोठ्या शहरांवर प्रशासक आले आणि मतदान झाले ते जानेवारी २०२६मध्ये. या काळात मुंबईत काय चालले ते जवळून पाहण्यासारखे आहे. आयुक्ताने दरवर्षी फेब्रुवारीत अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे मांडायचा, समितीने तो तपासायचा, मग सभागृहाने त्यावर चर्चा करून मंजुरी द्यायची, हा क्रम. प्रशासकाच्या काळात आयुक्त हाच प्रशासक, प्रशासक हीच स्थायी समिती आणि तेच सभागृह. प्रस्तावावर सही करणारा आणि तो मंजूर करणारा हात एकच. २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प असा मंजूर झाला. शहरभरच्या काँक्रीट रस्त्यांची सुमारे ६,००० कोटींची कामे अशीच निघाली. आपल्या गल्लीतला रस्ता पावसाळ्याच्या तोंडावर का खणला, हे विचारायला नागरिकाला वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपलीकडे कोणी नव्हते. १८७२ साली करदात्यांनी मिळवलेला निम्मा वाटाही या चार वर्षांत उरला नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो तो ठरलेला. नगरसेवक तरी काय दिवे लावतात, स्थायी समितीत टक्केवारी चालते, ठेकेदार आणि नगरसेवक यांचे साटेलोटे असते. हा आक्षेप खोटा नाही, आणि लोकशाहीच्या नावाखाली तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण रोगाचे मूळ पाहा. आजच्या व्यवस्थेत नगरसेवकाला निविदेला हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार आहे. काम नीट झाले नाही तर त्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर येत नाही, कारण काम आयुक्ताच्या खात्याचे असते. आणि आयुक्त जबाबदार आहे तो सरकारला, मतदाराला नाही. महापौराकडे मान आहे, गाडी आहे, अडीच वर्षांची मुदत आहे, पण एका इंजिनिअरला काम का रखडले हे विचारून त्याच्यावर कारवाई करण्याचा अधिकार नाही. अडवण्याची सत्ता आहे आणि उत्तर देण्याची सक्ती नाही, अशा जागी सौदेबाजी वाढणारच. ज्याच्या हाती कारभार असेल त्याला पाच वर्षांनी त्याच कारभारावर मत मागावे लागले, तर त्याला लपायला जागा उरत नाही. शिवाय प्रशासकाच्या काळात ठेक्यांबद्दलच्या तक्रारी थांबल्या असेही घडले नाही. त्या मांडण्याचे व्यासपीठ तेवढे बंद झाले. आणि लोक अजून लायक नाहीत, हा युक्तिवाद तर आपण चांगला ओळखतो. रिपनच्या ठरावाला विरोध करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा तोच होता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातून येतो. निवडणूक म्हणजे आपोआप प्रतिनिधित्व असे इथे कधीच नव्हते. जोतीराव फुले १८७६पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते ते सरकारनियुक्त म्हणून. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्चण्याचा प्रस्ताव १८८०मध्ये आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणत एकट्या फुल्यांनी विरोध केला. मालमत्तेवर बेतलेल्या त्या काळच्या मताधिकारातून फुले निवडून आले असते का, याची खात्री देता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३२मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला विरोध केला तो याच कारणाने. अस्पृश्यांना राखीव जागा नसतील तर गावाचे स्वराज्य म्हणजे त्यांच्यावर गावातल्या बहुसंख्यांचे राज्य, हे त्यांनी ठामपणे सांगितले. परवाची निवडणूकही ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात अडकली होती, आणि ओबीसींचा हक्क हा किरकोळ प्रश्न नव्हे. पण फुल्यांच्या उदाहरणातूनच उत्तर निघते. सगळे सभासद सरकारच्या मर्जीवर बसलेले असताना विरोध करणारा एकच निघाला. त्या एकाच्या धैर्याला वंदन करावे, पण त्याच्यावर व्यवस्था उभारता येत नाही. आंबेडकरांची मागणी सभागृहात आपल्या लोकांना जागा हवी अशी होती. सभागृहच नको, कलेक्टर पुरे, असे ते म्हणाले नव्हते. प्रशासकाच्या काळात ओबीसी, दलित, आदिवासी, स्त्रिया, सगळ्यांच्या राखीव जागा एकदमच शून्यावर आल्या. आरक्षणाचा वाद चालू असला तरी आधीच्या आरक्षणानुसार निवडून आलेल्या सभागृहाला पाच वर्षांपुढे काम चालू ठेवू देणे घटनेत बसत नाही, हे खरे. पण प्रशासकासोबत त्याच नगरसेवकांची एक सल्लागार समिती तरी ठेवता आली असती. तेवढाही प्रयत्न झाला नाही.

तिसरा आक्षेप, की महानगर चालवायला दुसरी पद्धत आपल्याकडे नाही. आहे, आणि तीही वसाहतीच्याच काळात सुरू झाली. बंगालमध्ये १९२३च्या कायद्याने कलकत्ता महापालिकेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी निवडण्याचा अधिकार मिळाला. १९२४मध्ये चित्तरंजन दास महापौर झाले आणि महापालिकेने २७ वर्षांच्या सुभाषचंद्र बोस यांना त्या पदावर नेमले. त्याच वर्षी सरकारने बोसांना अटक केली, यावरून निवडलेल्या सभेच्या हातचा अधिकारी सरकारला किती खुपत होता ते कळते. आजच्या कोलकात्यात महापौर आणि त्याची परिषद कारभार चालवते. मुंबईतही १९९८मध्ये महापौर परिषद आणून पाहिली होती, पण वर्षभरातच ती गुंडाळली गेली. एवढ्या अवधीत तर एखादी नालेसफाईची योजनाही पुरी होत नाही, मग पद्धत अपयशी ठरली असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

दुरुस्त्या कोणत्या करायच्या, हे ठरवणे अवघड नाही. आयुक्ताच्या नेमणुकीला सभागृहाची संमती हवी आणि पाच अष्टमांश बहुमताचा ठराव स्थगित करण्याचा सरकारचा अधिकार काढून टाकला पाहिजे. महापौराला पाच वर्षांची मुदत आणि कार्यकारी जबाबदारी द्यावी. मुदत संपल्यावर प्रशासक सहा महिन्यांपेक्षा जास्त राहू शकणार नाही, आणि त्या काळात नवा मोठा ठेका वा जमिनीचा व्यवहार करू शकणार नाही, हे कायद्यात लिहावे. महानगर नियोजन समितीला एमएमआरडीएवर अधिकार द्यावा. हे सगळे विधिमंडळाच्या हातात आहे, आणि विधिमंडळातून ते आपसूक होणार नाही, कारण शहराला जे मिळेल ते मंत्रालयाच्या हातून जाईल. सत्तेवर कोणताही पक्ष असो, आयुक्ताची बदली आपल्या मुठीत असणे त्याला सोयीचेच वाटत आले आहे. म्हणून सुरुवात नव्या सभागृहांनी करायला हवी. प्रशासकाच्या काळात मंजूर झालेल्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावाचा तपशील पटलावर मागवावा, त्यावर पक्ष न पाहता चर्चा करावी, आणि ६४व्या कलमाच्या दुरुस्तीचा ठराव करून तो विधिमंडळाकडे पाठवावा. ठराव करण्याचा अधिकार तरी १८८८पासून त्यांच्याकडे आहे.